गोजरची पात

गोजरला खाली बसायला काही वाटत नसे. सगळं मरण होतं ते उठण्यात. भाताची पात, म्हणजे बांधापासून बांधापर्यंतचा आपल्या वाट्याचा पट्टा, धरून एकदा उकिडवी बसली की ती सकाळचं ऊन डोक्यावर येईपर्यंत सरकत सरकत कापत जाई. पण बांधाला पोचून उभं राहायची वेळ आली की आधी विळा बाजूला ठेवायचा, मग दोन्ही तळहात मातीवर टेकायचे, मग उजव्या गुडघ्यावर सगळा भार घेऊन ढुंगण वर करायचं, आणि मग स्वतःच्याच मांडीला धरत धरत वर यायचं. एवढ्यात तोंडातून जे निघे ते देवाचं नाव असे की शिवी, तिचं तिलाही ठाऊक नसे. डावा खुबा पार गेला होता. मुरबाडच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं होतं की वाटी झिजली, बदलावी लागेल. त्या फोटोची पिशवी तेव्हापासून भिंतीवरच्या खुंटीला लटकत होती.

बारकू, तिचा नवरा, हे उठणं रोज बघायचा आणि रोज दुसरीकडं तोंड करायचा. त्याला माया नव्हती असं नाही. इलाज नव्हता, आणि इलाज नसलेला माणूस आभाळाकडं बघून ढगांबद्दल बोलतो, तसा तोही बोलायचा.

तुळशीची लग्नं झाली होती. खाचरातलं पाणी उतरून माती पायाला गार लागत होती. आज गोजर अशीच अर्धी उठलेली, हात मांडीवर, कंबर वाकडी, आणि नेमका त्याच वेळी पंढरी बांधावरून आला. पंढरी म्हणजे बारकूच्या चुलत भावाचा मुलगा. मुरबाड ते कल्याण जीप चालवायचा, आणि त्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या माणसांतून त्यानं आजवर कितीतरी सोयरिकी जमवल्या होत्या.

"काकी, रविवारी येतायत," तो लांबूनच ओरडला.

"कोण रे?"

"शहापूरवाले. पोरगी समीक्षा. कल्याणला लॅबमध्ये कामाला हाय. रक्त काढते."

"कोणाचं?" बारकूनं विचारलं.

"लोकांचं, काका. तपासायला." पंढरी हसला आणि मग हसणं गिळून जवळ आला. "त्यांनी जमीन किती, घर कसं, काय नाय विचारलं. दीपेशचं वय पण ताणून नाय धरलं. एकच बोललेत. सासू-सासरे चालते-फिरते पायजेत."

"म्हंजी?"

"पोरीची मोठी बहीण दिलीय तिकडं नाशिक रोडला. वर्षाच्या आत सासू पडली न्हाणीत. बहिणीची नोकरी गेली, आता कूस बदलत बसते म्हातारीची. ते बघून या पोरीनं बापाला सांगून ठेवलंय, असल्या घरात मी जाणार नाय."

पंढरीची नजर गोजरच्या पायाकडं गेली, तिथं जरा थांबली आणि मग पार सिद्धगडाकडं वळली. गडावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"काकी, रविवारी तेवढं सरळ चाला," तो म्हणाला.

दीपेश, गोजर-बारकूचा मुलगा, चौतीस वर्षांचा होता. कागदावर एकतीस. केस काळे करत होता, आणि ते काळं करणं कानामागं कुणालाही दिसे. एमआयडीसीतल्या कंपनीत कंत्राटावर होता. सात-आठ वर्षांपूर्वी मुली सांगून येत, तेव्हा निवड करायचा मान गोजरचा होता, आणि तो तिनं अगदी ताठ मानेनं मिरवला होता. एकीचं मनगट बघून ती म्हणाली होती, ही विळा काय धरणार. दुसरीला चष्मा होता, तिला म्हणाली, हिला भातातलं गवत दिसंल का. त्या दोघींची पोरं आता शाळेत जात होती. मग वारं फिरलं. मुलीकडची माणसं येऊन घर बघायला लागली, संडास बघायला लागली, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारायला लागली. सगळ्यांना शेती हवी होती आणि शेतात उतरायचं कुणालाच नव्हतं. चहा पिऊन गेलेली माणसं परत फोन करत नसत.

त्या संध्याकाळी दीपेश ताटावर बसला आणि दोन घास खाऊन हात धुऊन उठला. छातीत जळजळतं म्हणून गोळी घेतली. मोबाईल हातात धरून ओट्यावर बसला, पण बोट हलत नव्हतं.

बारकूला ते बघवेना. बघवलं नाही की तो बोलायचा, आणि बोलला की चुकीचंच बोलायचा.

"एवढं काय डोकं धरून बसायचं? तुझ्या वयाचा होतो तं चूल एकाच येळेला पेटायची. राबाला, रोपाची जमीन भाजायला, आईनाचा पाला तोडून डोंगरावरून भारे आणायचो, मान अशी मोडायची. तरी पडल्या पडल्या झोप लागायची."

"लागणारच," दीपेश म्हणाला. "दमून पडायचे तुमी. भाकर मिळाली का तुमचं संपायचं. माझं काय मिळालं म्हंजी संपंल, ते सांगा."

"बायको."

"ती भेटली तं राहायचं कुठं, आणि कंत्राट गेलं तं काय, ते चालू होईल. लाईनवर माझ्या बाजूला पोरगा उभा असतो, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. त्याचं लग्न ठरलं. काका बोलतो मला. काका, लाडू खा, बोलला. आणि मी खाल्ला."

बारकूनं तंबाखूची डबी उघडली. गोजर चुलीपाशी होती. तिला भूक कळत होती, ताप कळत होता, उन्हात फुटलेल्या टाचा कळत होत्या. पण पोट भरलेला, पंख्याखाली काम करणारा, पायात बूट असलेला माणूस असा आतून कशानं खंगतो, ते तिला पुरतं कळत नव्हतं. कळत एवढंच होतं की पोरगा वाळत चाललाय. तिला त्याचा राग आला, आणि तरी तिनं त्याची उरलेली भाकर झाकून ठेवली.

तिचं स्वतःचं लग्न ठरायला एक दुपार पुरली होती. ती पंधरा वर्षांची असेल. कापणी चालू होती. होणारी सासू बापाच्या खाचरावर आली, पाणीसुद्धा न पिता बांधावर बसली आणि म्हणाली, पोरीला पात धरू दे. गोजरनं मान वर न करता ती अख्खी पात कापली. मध्ये उठायचं नसतं हे तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. धरलेली पात अर्ध्यावर टाकणारीला त्या काळात माहेरीसुद्धा नावं ठेवत. शेवटी म्हातारीनं खाली वाकून धसकटं चाचपली, एकसारखी आहेत का बघितलं, तंबाखू थुंकली आणि म्हणाली, नेते. झालं. पुढं हीच म्हातारी चार पावसाळे अंथरुणाला खिळली होती, आणि तिची कूस गोजरनं बदलली, तिचं हागणं-मुतणं काढलं. तुला जमेल का असं गोजरला कुणीही विचारलं नव्हतं.

शनिवारी पूजा आली. गोजरची लेक, टिटवाळ्याला दिलेली. आल्या आल्या तिनं पदर खोचला, भिंतीवरची जुनी कॅलेंडरं काढली, बापाच्या तंबाखूची डबी कपाटावर ठेवून दिली आणि खुंटीवरची ती डॉक्टरची पिशवी गादीखाली दडवली.

"आये, आता चाल," ती म्हणाली. "इथून त्या पेंढ्यापर्यंत."

"कशाला?"

"दीपू व्हिडिओ काढतो. तुला दाखवतो म्हंजी तुला कळंल, काय सुधारायचं ते."

गोजर अंगणातून चालली. तिनं आपल्या परीनं सरळ चालायचा जीव तोडून प्रयत्न केला, ओठ दाबून धरले, दुखणं वर येऊ दिलं नाही. पेंढ्यापाशी पोचून वळली तेव्हा तिला वाटलं, जमलं.

दीपेशनं मोबाईल तिच्यापुढं धरला. त्यात एक म्हातारी चालत होती. पायाला दोरी बांधलेली कोंबडी चालावी तशी, दर पावलाला एका अंगावर पडत होती आणि सावरत होती. लुगड्याचा काठ एका बाजूनं धूळ पुसत होता. गोजरनं आजवर स्वतःला कधी चालताना बघितलं नव्हतं. आपलं थोडं लंगडणं चारचौघांत खपून जातं, असंच ती धरून चालली होती.

"एवढी?" ती म्हणाली. "एवढी फेंगडी चालते मी?"

पूजा म्हणाली, "डावीकडं झुकतेस ना, तिथं जरा आवर. परत चाल."

ती परत चालली. मग आणखी परत. दीपेश प्रत्येक वेळी मोबाईल धरून तिच्यापुढं मागं मागं सरकत होता आणि "हां, हां, आता ठीक, नाय, परत झुकलीस," असं बोलत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. कंपनीत सुपरवायझर त्याच्याशी जसा बोलत असेल, तसा तो बोलत होता.

ओट्यावरून बारकू म्हणाला, "बैल घेताना पण एवढं चालवत नाय रे कोणी."

"तुमी गप बसा," गोजरच त्याच्यावर ओरडली.

पण ते जमण्यातलं नव्हतंच. दिवस कलला तसा खुबा सुजला आणि ती आधीपेक्षा वाईट चालायला लागली. दीपेशनं मोबाईल खिशात टाकला.

"उद्या सकाळी मुरबाडला जाऊ," तो म्हणाला. "खुब्यात इंजेक्शन देतात. दिवसभर काय कळत नाय, आरामात चालतं माणूस."

गोजरनं खुबा चोळायचा थांबवला. "असं इंजेक्शन असतं?"

"असतं."

"मग आधी का नाय दिलंस रे?"

"सारखं घेऊन चालत नाय ते. हाड खातं, बोलला डॉक्टर."

"मग उद्या?"

"उद्याच्या दिवस, आये." तो तिच्या समोर बसला. "एकच दिवस. माझ्यासाठी."

तिनं मान हलवली. आईला असं कुणी विचारतं का, आणि विचारल्यावर ती नाही म्हणते का? पण झोपेपर्यंत तिच्या मनात तेच घोळत राहिलं, की असं औषध होतं आणि ते आपल्यासाठी नव्हतं.

डॉक्टर तरुण होता. सुई लांब होती. टोचताना गोजरनं बाकड्याची कड धरली आणि डोळे मिटून घेतले. सुई काढल्यावर तो तिला नाही, दीपेशला म्हणाला, "दुखणार नाही म्हणजे पाय बरा झाला असं समजू नका. हाड ठिसूळ झालंय. जास्त चालवू नका, आणि उकिडवं बसायचं तर अजिबात नाही."

"नाय, नाय. घरीच बसून असते," दीपेश म्हणाला.

दवाखान्याच्या पायऱ्या गोजर धरून धरून उतरली. एसटी स्टँडपाशी येईपर्यंत मात्र काहीतरी झालं. डाव्या पायाखालची कळ निवत निवत नाहीशीच झाली. तिनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मग थांबून पायाकडं बघितलं. पाय आपलाच होता. ती भाजीवाल्यांच्या टोपल्यांमधून सरळ चालत गेली आणि दीपेशच्या मोटारसायकलवर कुणाचा हात न धरता बसली. घरी आल्यावर तर तिनं कहरच केला. ओहोळातल्या दगडावर पाय न देता सरळ पलीकडं उडी टाकली आणि स्वतःशीच हसली. पूजानं कपाळावर हात मारला, पण गोजरला हसू आवरेना. इतक्या वर्षांनी तिला आपलं अंग परत मिळालं होतं. एका दिवसापुरतं आहे हे ती विसरलीच.

पाहुणे दुपारी आले. पुढं पंढरीची जीप, मागं त्यांची पांढरी गाडी. समीक्षाचे वडील बारीक, अबोल, सारखे घड्याळ बघणारे. समीक्षा साधा कुर्ता घालून आली होती. डोळ्यांखाली काळं होतं, पण नजर सरळ होती. आणि तिची मामी, चंदा. ही बाई सगळ्यांच्या आधी घरात शिरली. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली, शहापूरकडच्या शेतकऱ्याची लेक. जमीन गेल्यावर तिचं शेत सुटलं होतं, पण बघण्याची रीत शेतातलीच राहिली होती. तिनं आधी चूल बघितली, मग पाण्याचा ड्रम, मग माणसं.

"आई, तुम्ही बसा ना," दीपेश म्हणाला.

गोजरनं मागं वळून बघितलं, कोणाला बोलतोय म्हणून. जन्मात त्यानं तिला तुम्ही म्हटलं नव्हतं. बारकू कोपऱ्यात दीपेशची पँट घालून, पट्टा आवळून, लग्नात आलेल्या परक्या माणसासारखा बसला होता. त्याला सगळ्याला 'हो' म्हणायला सांगितलं होतं, आणि तो म्हणत होता.

गोजरनं पाणी दिलं. खाली बसून चहा ओतला, ताट घेऊन उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. मातीवर हात टेकावे लागले नाहीत. चंदामामीची नजर तिच्या गुडघ्यांवर होती.

"गुडघे बरेत हो ताई तुमचे. माझे बघा, जिना चढवत नाय."

"कामात असलं का राहतात बरे," गोजर म्हणाली.

"तिचे गुडघे बरेच हायत, तो खुबा..." बारकू बोलून गेला.

"बाबा, सुपारी!" पूजा ओरडली आणि त्याच्या हातात अडकित्ता कोंबला. बारकूनं मान खाली घातली आणि सुपारी कातरत राहिला. चंदामामीनं एकदा त्याच्याकडं आणि एकदा गोजरकडं बघितलं.

मग समीक्षा बोलली. तिनं चहाची बशी खाली ठेवली आणि थेट गोजरकडं वळली.

"मावशी, मी स्पष्टच बोलते, राग मानू नका. सहाची बस पकडते, लॅबमध्ये दिवसभर उभी असते. संध्याकाळी घरी आल्यावर माझ्यात कोणाला उचलायची ताकद नसते. माझ्या ताईला मी बघितलंय. ती वाईट नाय, पण ती आता तिच्या सासूला चिमटे काढते. माझ्या देखत काढलाय. मला तशी नाय व्हायचं."

गोजरला ती मुलगी एकदम आवडली. एवढं खरं तिच्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. तिला आपली सासू आठवली, आणि तिचा दंड धरून कूस बदलताना आपणही कधीतरी नखं रुतवली होती ते आठवलं. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं, की पोरी, हा पाय उसना आहे, उठ आणि जा.

तिनं दीपेशकडं बघितलं. तो समीक्षाकडं बघत होता. कानामागचं काळं घामानं ओघळलं होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"काय नाय होत बाय," गोजर म्हणाली. "मी धडधाकट हाय."

उठता उठता चंदामामी म्हणाली, "शेत तरी बघू चला." सगळे निघाले. बांधावरून गोजर पुढं, ताठ, आणि मागं सगळी वरात. अर्ध्या खाचराचं भात अजून उभं होतं. बांधावर विळे पडले होते.

"मामी, रील काढू या ना," समीक्षा पहिल्यांदा हसली. "मावशी कापतायत असा."

चंदामामीनं विळा उचललाच होता. "एकट्या कशाला? चला विहीणबाई, एकेक पात धरू. बघू कोण पुढं जातं."

"नको नको, मामी," दीपेश पुढं आला. "आज सुट्टी दिलीय आईला."

"का? बसवत नाय का त्यांना?"

हे तिनं हसत विचारलं, पण डोळे हसत नव्हते. समीक्षानं मोबाईल खाली घेतला. तिचे वडीलही पहिल्यांदाच घड्याळ सोडून बघायला लागले.

दीपेशनं आईकडं बघितलं. डॉक्टर काय म्हणाला ते दोघांनीही ऐकलं होतं. पूजानं पदर खोचला, परत सोडला. एवढा वेळ पुष्कळ होता. त्यात तो नाही म्हणू शकला असता.

"आई, थोडंसं," तो म्हणाला. "व्हिडिओपुरतं."

गोजर उकिडवी बसली. डाव्या हातात भाताची मूठ आली, विळा फिरला, आणि तिचं अंग सुरू झालं. काहीही दुखत नव्हतं. कापलेली मूठ बाजूला, दुसरी मूठ, एक पाऊल पुढं. शेजारच्या पातीत चंदामामीनं दणक्यात सुरुवात केली, दहा-बारा मुठी कापल्या आणि धापा टाकत मागं बसली.

"मेले गो बाय!" ती हसायला लागली. "हरले! उठा आता, विहीणबाई, बघितलं आमी!"

सगळे हसले. समीक्षानं टाळ्या वाजवल्या. "झालं मावशी, मस्त आलाय!"

इथं गोजरनं उठायला हवं होतं. पण पात पलीकडच्या बांधापर्यंत होती, आणि ती बसली होती ती पात धरून. व्हिडिओ संपला म्हणून पात संपत नाही. बांधावर बसून तंबाखू थुंकणारी ती म्हातारी जणू अजून बघत होती. शिवाय, खरं सांगायचं तर, तिला सोडवतही नव्हतं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा न कण्हता कापत होती.

"आये, बस झालं," दीपेशची हाक आली. मग परत. तिनं मान वर न करता विळा हलवला, येते म्हणून. माणसं थोडा वेळ उभी राहिली, मग बोलत बोलत वर रस्त्याकडं, गाडीपाशी गेली.

शेवटची मूठ कापून ती बांधाला लागली. मागं वळून बघितलं. धसकटं एकसारखी होती. सवयीनं विळा ठेवला, तळहात मातीवर टेकले, मग आठवलं की आज याची गरज नाही. हात उचलले आणि ती सरळ उठायला गेली.

वाळलेली काटकी पायाखाली मोडावी तसा आवाज झाला. तिला वाटलं, खरंच काटकी असेल. दुखलं काहीच नाही. फक्त डावा पाय तिच्याखाली राहिला नाही, आणि ती कापलेल्या भातावर बसली. पाऊल बाहेरच्या बाजूला आडवं पडलं होतं. तिनं त्याला सरळ व्हायला सांगितलं, पण पावलानं ऐकलं नाही.

दीपेश बांधावरून पळत आला. दहावीचा निकाल आणला होता तेव्हा असा पळत आला होता.

"आये, हो बोलले! मामी बोलली, अशी कामाची सासू शोधून नाय मिळणार. पौषाच्या आधी उरकू, बोलले. चल, नारळ द्यायचाय, निघतायत ते."

"दीपू, पाय उचलत नाय."

"चल ना गो, थांबलेत."

"मोडलाय रे," ती म्हणाली. "आवाज झाला."

त्यानं पावलाकडं बघितलं. त्याचं तोंड लहान झालं. मग त्यानं वळून रस्त्याकडं बघितलं. गाडीपाशी सगळे उभे होते. चंदामामी कपाळावर आडवा हात धरून इकडंच बघत होती.

"दुखतंय?" त्यानं विचारलं.

"नाय अजून."

तो तिच्या पायाआड येऊन उभा राहिला. रस्त्यावरून ते पाऊल दिसू नये असा. मग रस्त्याकडं बघून मोठ्यानं ओरडला, "आई भारा बांधून येतायत! पूजा, नारळ तू दे!"

गोजर त्याच्याकडं खालून बघत होती. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"रडू नको," ती म्हणाली. "मी जाते पूजाकडं. सांग, आयस लेकीकडं गेलीय. लग्नात खुर्चीवर बसवा, ताप आलाय म्हणा."

"हो."

"आणि मग?"

त्यानं परत रस्त्याकडं बघितलं. मग ती पोरगी सहाची बस पकडून, दिवसभर लोकांचं रक्त काढून घरी येणार होती आणि हिची कूस बदलणार होती. चिमटेही काढणार होती. गोजरला ते आत्तापासून दिसत होतं, आणि तरी तिनं तोंड उघडलं नाही. पोराची आई होती ती.

दीपेश वाकला, मातीतला विळा उचलला आणि तिच्या मुठीत दिला.

"हात वर कर, आये. बघतायत. हस."

तिनं विळा वर धरला. "या गो!" ती ओरडली. आवाज खणखणीत निघाला. रस्त्यावरून समीक्षानं दोन्ही हात वर करून हलवले. दारं लागली. बारकू पँट वर ओढत गाडीमागं चार पावलं चालत गेला, पाहुण्यांना पोचवायला.

आत्ता कुठं, खुब्याच्या पार तळाशी, काहीतरी जागं व्हायला लागलं होतं. गोजरनं ओठ दाबले. गाडी वळणावरच्या आंब्यामागं गेली, तरी दीपेशचा हात वरच होता, आणि तिचाही.

"गेली का रे?" तिनं विचारलं. "आता उचल मला."

"थांब," तो म्हणाला. "धूळ दिसतेय अजून."